अर्धं घड्याळ आणि माझा शाबूत मेंदू

...आणि वर ती दवाखान्यातली पोर मलाच विचारते, "आजी, आज वार कोणता?" आता मला सांगा, वार मी सांगायचा? कॅलेंडर तुझ्या पाठीमागं, घड्याळ तुझ्या मनगटावर, फोन तुझ्या पुढ्यात, आणि वार सांगायचा कुणी, तर बहात्तर वर्षांच्या बाईनं, जिला तू पाऊण तास बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलंस. पण सांगितला. म्हटलं, "गुरुवार. गुरुवारी बँडवाल्यांच्या कोटांची ट्रायल असते, ती सोडून मी इथं तुझ्यासमोर बसलेय, म्हणून चांगलाच लक्षात आहे." झालं, तेवढ्यावर ती कागदावर काहीतरी लिहायला लागली, ती लिहितेच आहे, लिहितेच आहे. अगं, वार बरोबर आला तर एक खूण कर आणि पुढं चल, निबंध कसला लिहितेस? तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. ही माझी जुनी खोड. तर तुम्हाला सांगते, मी कटर. शिवणारी नाही, कापणारी. ह्यात फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्याच्याशी मी फार बोलत नाही. टाका चुकला तर उसवता येतो, कात्री चुकली की चुकली. आमचं कोटांचं दुकान. मागच्या खोलीत दोघीजणी मशीनवर, पुढं काउंटरला माझी लेक, आणि मधल्या खोलीत ते लांब टेबल, खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने, खडू, टेप आणि माझी ती मोठी कात्री. पन्नास वर्षं मी त्या टेबलाशी उभी आहे. दोनदा मोजायचं, एकदा कापायचं, हा एकच नियम, आणि दुसरं माणूस त्या टेबलाला नुसतं टेकलेलंसुद्धा मला चालत नाही. लेकीचे वडील होते तेव्हा तेही दारातूनच बोलायचे. बिचारे कानामागं खडू ठेवायचे आणि दिवसभर खडू शोधायचे. त्यांना नेलं कुणी मेंदूच्या डॉक्टरकडे? नाही नेलं. तेव्हा लोकांना कामं होती.

मग मला का नेलं? तर त्या वकीलसाहेबांच्या कोटापायी. कापड रेघांचं, आणि रेघासुद्धा अशा की सगळ्या एकाच अंगानं बघाव्या लागतात. असलं कापड दुहेरी घालून कापता येत नाही, एकेरी पसरायचं आणि एकेक भाग सुटा कापायचा. बाहीचा नमुना एकच असतो. तो ठेवायचा, एक बाही कापायची, मग नमुना पालथा घालायचा, दुसरी कापायची, की डावी-उजवी जोडी तयार. सोपं आहे. माझ्या हाताखालून अशा हजारो जोड्या गेल्यात. पण नेमका त्याच वेळी फोन वाजला. फोन वाजला म्हणून लक्ष गेलं, लक्ष गेलं म्हणून नमुना पालथा घालायचा राहिला, आणि झाल्या दोन्ही बाह्या डाव्या. दोष फोनचा, नाव माझं.

तेही कुणाला कळलं कधी? तर ट्रायलला. वकीलसाहेबांनी डावा हात घातला, छान गेला. उजवा घातला, तोही गेला, पण बाही कोपरापाशी पुढं वळायची ती मागं वळली, आणि साहेब आरशासमोर असे उभे की एक हात कोर्टात चाललाय आणि दुसरा घरी परत निघालाय. पण माणूस सभ्य हो. म्हणाले, "बाह्या जरा... नव्या पद्धतीच्या आहेत का?" माझी लेक खाली वाकली, बाही चाचपली, आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, "आई, दोन्ही डाव्या आहेत." ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते. ओरडली नाही, हाच तर वांधा. दुकान बंद करताना तिनं माझी कात्री खिळ्यावरून काढली, फडक्यात गुंडाळली, आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "आधी डॉक्टर, मग कात्री." म्हणजे तुम्ही बघा, पन्नास वर्षांत एक बाही चुकली. बरं, दुसरी तर बरोबरच होती ना, डावी डावीकडे? मग शंभरातल्या पन्नास बरोबर आल्यावर शाळेतसुद्धा पास करतात. ह्यात माझं काय चुकलं?

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. आता डोकं बिघडलं म्हणता आणि गुडघा ठोकता! मग म्हणाले, "आपण एक सविस्तर चाचणी करून घेऊ. मेंदूची निरनिराळी कामं असतात, कुठलं काम कसं चाललंय ते कळेल. तीन तास लागतात." तीन तासांत मी दोन कोट कापते. पण कात्री कपाटात, किल्ली पर्समध्ये, आणि पर्स लेकीच्या काखेत. गेले निमूट.

खोली एवढीशी, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि ती चाचणीवाली बाई. वयानं माझ्या नातीएवढी, आवाज असा मऊ की आपल्याला झोपवतेय असं वाटावं. अंगात तयार मापाचा कोट. डावा खांदा अर्धा इंच उतरलेला, आणि पाठीत हवा. मी आत गेल्या गेल्या बघितलं, पण बोलले नाही. तोंडाला लगाम घालायचं खातंही मेंदूत असतं म्हणे, अगदी पुढं, कपाळामागं. म्हणजे माझं तेव्हा व्यवस्थित चालू होतं, हे कुणी लिहिलं का? नाही लिहिलं.

टेबलावर एक प्लास्टिकचा मेंदू होता, सुटे भाग निघणारा. तिनं आधी तोच समजावून सांगितला, "आजी, हा पुढचा भाग. आखणी करणं, घाई आवरणं, नियम बदलला की आपण बदलणं, ही ह्याची कामं. हा कानाजवळचा, ह्याच्या आत एक छोटासा भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा, तो नव्या आठवणी पक्क्या करतो. डावीकडे बहुतेकांची भाषा असते. हा वरचा मागचा, कुठली वस्तू कुठं आहे ते हा सांभाळतो. आणि हा अगदी पाठीमागचा, बघायचं काम ह्याचं." मी म्हटलं, "डोळे पुढं आणि बघायचं खातं मागं? ही आखणी कुणाची, त्या पुढच्या भागाची का?" ती हसली, पण लिहिलं. मग म्हणाली, "उजवा मेंदू शरीराची डावी बाजू सांभाळतो आणि डावा उजवी." हे मात्र मला चटकन पटलं. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याची डावी माझ्या उजवीकडे, ह्यात शिकवायचं काय? मी आपलं तिच्या बोलण्याच्या नादात तो मेंदू हातात घेतला, सुटा केला, परत बसवला, तर एक तुकडा हातात उरला. सांगते ना, शिवणच जुळत नव्हती त्याची, कापणाऱ्यानं मार्जिन ठेवलेलं नाही. ती म्हणाली, "राहू द्या, आजी." आणि लिहिलं. वस्तू तुमची, काप चुकीचा, आणि शेरा मला.

मग आकडे. "मी म्हणते तसेच म्हणा, आजी. सहा, एक, नऊ, चार." म्हटले. पाच म्हटले, सहा म्हटले, सातही म्हटले. खूश झाली. "हे लक्षाचं काम. आता उलटे म्हणा." उलटे? मी म्हटलं, "अगं बाई, खांदा, छाती, कंबर, बाही, असं माप घेतात. पायापासून वर गिऱ्हाईक मोजलं आणि कोट अंगाला बसला असं तू कधी ऐकलंस? तुला आकडेच हवेत ना, मग बँडमधल्या बावीस जणांची मापं तोंडपाठ सांगते, घे लिहून. मोठा ढोलवाला, छाती चव्वेचाळीस, कंबर सेहेचाळीस, हो, कंबरच जास्त आहे, तुतारीवाला, छाती छत्तीस..." तर म्हणे, "आजी, तेवढे चारच उलटे म्हणा ना." तीनपर्यंत जमले. चार नाही जमले. बावीस माणसं डोक्यात घेऊन उभी असलेली बाई चार आकड्यांवर नापास. ह्यात माझं काय चुकलं?

आणि ते शब्द. पंधरा शब्द वाचून दाखवायची, मी आठवतील तेवढे म्हणायचे, असं पाच वेळा. आता यादी तिच्या हातात, छापलेली, चष्मा तिच्या नाकावर. मी म्हटलं, "आहे की तुझ्याजवळ, मी कशाला पाठ करू?" पण केलं. पडदा, टोपी, रुमाल, नदी, शिडी, चमचा, अस्तर... ती म्हणाली, "अस्तर नव्हतं, आजी." नव्हतं कसं? पडदा म्हणालीस ना? मग अस्तराशिवाय पडदा लावतेस का घरी? ती म्हणाली, "मी फक्त शब्द वाचते, आजी." हाच तर फरक. ती शब्द वाचते, मी काम डोळ्यांपुढं आणते.

भाषेत मात्र तिची बोलती बंद केली. चित्रं दाखवली, "हे काय? हे काय?" सगळी ओळखली. एक कात्रीचं चित्र होतं. म्हटलं, "ही कागद कापायची. माझी वेगळी आहे. माझी लेकीच्या कपाटात आहे." मग म्हणाली, "एका मिनिटात 'क'पासून सुरू होणारे शब्द सांगा." आता कटरला 'क' देणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. कात्री, कापड, कॉलर, कफ, काज, काख, कंबर, कळी, कतरण, कच्चा टाका, श्वाससुद्धा घेतला नाही मी, आणि कपडे संपले तर गाडी आपोआप घरी गेली, कपाट, कुलूप, किल्ली, कटकट, कारटी, कृतघ्न. एकतीस झाले. म्हणाली, "वयाच्या मानानं फारच छान." वयाच्या मानानं म्हणजे काय हो? तू सांगून बघ एकतीस.

त्यानंतरचा तो पत्त्यांचा खेळ आठवला की अजून माझं डोकं तापतं. टेबलावर चार कार्डं, कुणावर तारे, कुणावर चौकोन, लाल, हिरवी. माझ्या हातात गठ्ठा. "आजी, एकेक कार्ड योग्य जागी ठेवा. कसं ते मी सांगणार नाही, फक्त बरोबर की चूक ते सांगेन." बरं. मी रंगाला रंग लावला. "बरोबर." पुन्हा रंगाला रंग. "बरोबर." दहा वेळा बरोबर. अकराव्यांदा तोच रंग, तेच मी, तीच ती, आणि म्हणते काय, "चूक." मी म्हटलं, "अगं, आत्ता तर बरोबर होतं." ती आपली पुढच्या कार्डाकडे बोट दाखवते. पुन्हा रंग लावला. "चूक." पुन्हा लावला. "चूक." आता काळ्या कापडाला काल काळा धागा चालत होता तो आज चालेनासा होतो का? नियम बदलायचा असेल तर माणसाला आधी सांगावं, पाटी लावावी. मी काही रंग सोडला नाही. तिसाहून जास्त वेळा ती "चूक" म्हणाली आणि तेवढ्याच वेळा मी रंग लावला. सरतेशेवटी मी नाही थकले, ती थकली. ह्यात माझं काय चुकलं, सांगा ना?

आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथं झालं. तिनं कोरा कागद दिला, पेन्सिल दिली, आणि म्हणाली, "एक घड्याळ काढा, आजी. आकडे घाला, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा." हात शिवशिवायलाच लागले माझे. पंधरा दिवस झाले होते खडू धरून. मी काय केलं? जे पन्नास वर्षं करतेय ते केलं. कोटाची पाठ काढताना अख्खी पाठ कुणी काढतं का? दोन्ही बाजू सारख्या असल्या की अर्धीच काढायची, कापड दुमडायचं, दुमडीवर अर्धा नमुना ठेवायचा, कापायचं, उलगडलं की झाली अख्खी. अख्खी काढायला गेलं तर दोन बाजू कधी सारख्या येत नाहीत. घड्याळ गोल, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच. मी मधोमध उभी रेघ मारली, तिच्या कडेनं 'दुमड' असं लिहिलं, आणि उजवीकडचं अर्धगोल काढलं, बारा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मोठा काटा दोनवर. राहिला लहान काटा, तो अकराजवळ, म्हणजे डाव्या बाजूला एकच. छातीवरचा खिसा कसा एकाच बाजूला असतो, तो नमुन्यात काढत नाहीत, कोपऱ्यात टीप लिहितात. मीही लिहिली, खाली डाव्या कोपऱ्यात, "लहान काटा, एक नग, फक्त डावीकडे, अकराच्या किंचित पुढं." स्वच्छ काम. पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं, आता म्हण म्हटलं वाहवा.

तिचं तोंड उतरलं. तो मऊ आवाज आणखी मऊ झाला. "पूर्ण झालं का, आजी?" झालं. "अजून काही काढायचंय?" काही नाही. मग ती म्हणाली, "मघाचे ते पंधरा शब्द होते ना, त्यांतले आता आठवतील तेवढे सांगा." पडदा, टोपी, रुमाल, नदी. आणि... मी खिडकीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, त्या प्लास्टिकच्या मेंदूकडे बघितलं. नव्हते हो. बाकीचे कुठंच नव्हते. अस्तरसुद्धा नव्हतं. 

तिनं लेकीला आत बोलावलं. घड्याळाचा कागद तिच्यापुढं ठेवला आणि माझ्यासमोर, मी जणू खोलीत नाहीच अशी, सांगायला लागली, "उजव्या मेंदूचा हा वरचा मागचा भाग दुखावला, तर डावीकडच्या गोष्टींवरचं लक्षच जातं. डोळे चांगले असतात, पण माणूस ताटातलं अर्धंच जेवतो, अर्धीच दाढी करतो, चित्र काढलं तर अर्धंच काढतो, आणि आपलं काही राहिलंय हे त्याला कळतसुद्धा नाही. आपल्याला लवकरात लवकर मेंदूचा फोटो काढून बघावा लागेल." लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "म्हणूनच," म्हणते, "म्हणूनच दोन डाव्या बाह्या." आता एवढं होईपर्यंत मी ऐकून घेतलं होतं, पण हे काही मला ऐकवेना. मी म्हटलं, "रडण्याआधी जरा विचार कर. मला डावीकडचं दिसत नसतं तर दोन उजव्या झाल्या असत्या की गं."

 मी म्हटलं, "कात्री आहे का इथं, कसलीही?" चाचणीवालीनं ड्रॉवरमधून ती कागद कापायची चिमुकली कात्री काढली. मी हातात घेतली तर लेकीचा हात आपोआप पर्सवर गेला, बघा कशी शिकवलीय मी तिला. मी कागद त्या रेघेवर दुमडला, नखानं घडी दाबली, अर्धगोलावरून कात्री फिरवली, आणि उलगडून टेबलावर ठेवलं. अख्खं घड्याळ, वाटोळं, कुठं एक केस कमी-जास्त नाही. डावीकडे सात, आठ, नऊ, दहा, अकरा लिहिले, लहान काटा काढला. "हे घे. अकरा वाजून दहा मिनिटं." तिनं घड्याळ हातात घेऊन फिरवून बघितलं. मग कापून उरलेला कागद उचलला, कोपऱ्यातली ती टीप वाचली, 'फक्त डावीकडे', दोनदा वाचली. म्हणाली, "हे मी बघितलंच नव्हतं." मी म्हटलं, "डाव्या कोपऱ्यात होतं, बाई. फोटो कुणाचा काढायचा मग?"

हसली हो. लेकही रडतारडता हसली. पण ती चाचणीवाली दिसते तेवढी साधी नाही. हसू आवरून मला विचारते, "मग आजी, त्या बाह्या कशा झाल्या?" आता फोन वाजला होता असं मी लेकीला सांगितलं होतं, शिवणाऱ्या दोघींना सांगितलं होतं, मघाशी तुम्हालासुद्धा सांगितलं. तोंड उघडलं होतं तेच सांगायला. पण लेक अशी बघत होती माझ्याकडे... खोटं कशाला बोलू? फोन वाजला नव्हता. कुणाचाच नाही. मी एक बाही कापली, नमुना हातात धरून उभी राहिले, आणि मला कळेना की ही पहिली झाली की दुसरी. टेबलावर कापड समोर होतं, कात्री हातात होती, आणि मधलं काहीतरी निघूनच गेलं. किती वेळ? एक टाका घालायला लागतो तेवढा. पण तेवढ्या वेळात मी कुठं होते ते मला माहीत नाही. भीती वाटली, म्हणून घाईघाईनं नमुना ठेवला तसाच आणि कापून टाकलं. हे मी तिथं सांगितलं, दोघींना. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणापुढं सांगितलं की मला भीती वाटली, आणि तेही अशा बाईपुढं जिच्या कोटाचा खांदा उतरलेला. लेकीनं माझा हात धरला. मी सोडवला नाही. ह्यात माझं काही चुकलं नसेल, असं मला वाटतं.

आठ दिवसांनी पाच पानी अहवाल आला. लेकीनं कापायच्या टेबलाशी उभं राहून मोठ्यानं वाचला. भाषा, उत्तम. लक्ष, ठीक, उलटे आकडे कच्चे. वस्तूंची जागा ओळखणं आणि रेखाटणं, उत्तम, आणि कंसात लिहिलं होतं, 'रुग्णाचा व्यवसाय लक्षात घ्यावा.' आता लक्षात आलं. फोटोही काढला होता तोवर, त्यात कुठं काही फुटलं-तुटलं नाही. मग स्मरणशक्ती. तिथं लेक सावकाश वाचायला लागली. अर्ध्या तासानं पंधरापैकी चार, अपेक्षेपेक्षा कमी, एक वर्षानं पुन्हा तपासावं. आणि शेवटी तो कपाळामागचा भाग. 'चूक असल्याचं वारंवार सांगूनही जुनाच नियम धरून ठेवतात.' लेक म्हणाली, "आई, ह्यासाठी तीन तास कशाला, हे मी उभ्याउभ्या लिहून दिलं असतं."

आणि त्याखाली सल्ला. काम चालू ठेवावं, कामानं मेंदू जागता राहतो. पण ज्यात चूक सुधारता येत नाही असं काही करण्याआधी दुसऱ्या माणसानं एकदा नजर टाकावी. लेकीनं कपाट उघडलं, फडकं सोडलं, कात्री माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "कापायच्या आधी मला हाक मारायची. एवढंच." एवढंच? माझ्या टेबलाशी? मी म्हटलं, "नाही." तिनं कात्री परत उचलली नाही, कपाटालाही कुलूप लावलं नाही, नुसती काउंटरला जाऊन बसली. म्हणजे ठरवायचं मीच. हा तर जास्त छळ झाला. तीन दिवस मी कात्रीला हात लावला नाही. टेबल पुसलं, नमुने क्रमानं लावले, पुन्हा टेबल पुसलं. वकीलसाहेब आपल्या नव्या बाह्यांची चौकशी करून गेले, बँडवाले कोटांची करून गेले. एकटीच खोलीत उभी राहून मी त्या कात्रीला सांगत होते, मला काही झालेलं नाही, आणि कात्री काय, ती कुणाचंही ऐकून घेते.

चौथ्या दिवशी रेघांचं कापड पसरलं. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. एक बाही कापायची खूण केली, नमुना पालथा घातला, दुसरीची खूण केली. कात्री उघडली, तिचं टोक कापडाला लावलं. आणि थांबले. कुणी "चूक" म्हटलं नाही, कुणी दारात उभं नव्हतं, फोन तर वाजलाच नाही. मी आपली थांबले, आणि हाक मारली. काउंटरवरचं गिऱ्हाईक तसंच सोडून ती धावत आली हो, चप्पल एका पायात. टेबलाशी आली, दोन्ही खुणा बघितल्या, नमुना उचलून बघितला, बोटानं रेघा जुळवून बघितल्या. अगदी मी बघते तशी. मग म्हणाली, "हं. काप."

आता नियम असा आहे, मी दोनदा मोजायचं, तिनं एकदा बघायचं, आणि मग एकदा कापायचं. म्हणजे बदलला की नाही नियम? त्या चाचणीवालीला कुणीतरी कळवा, पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा तिनं ते पान कोरं ठेवावं, आणि येताना तो कोट घेऊन यावा, खांदा उचलून देईन.

पण तुम्हाला खरं सांगते, तो शब्द अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. "काप." मला. माझ्याच टेबलाशी उभं राहून. पन्नास वर्षांत मला असं सांगणारं माणूस जन्माला आलेलं नव्हतं. म्हणजे... आलं होतं तसं. पण मीच जन्माला घातलंय, आता तक्रार करू कुणाकडे?